दासोपंत

दासोपंत (इ.स. १५५१ – इ.स. १६१५) हे मराठी संतकवी, भगवद्गीतेचे भाष्यकार आणि दत्तसंप्रदायातील सत्पुरुष होते. सध्याच्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई ही त्यांची कर्मभूमी होय. गीतार्णव हा गीतेवरील विस्तृत ग्रंथ, पदार्णव हा पदांचा संग्रह आणि ग्रंथराज हे वेदान्तपर प्रकरण यांमुळे मराठी वाङ्मयात त्यांना महत्त्वाचे स्थान आहे. त्यांची सर्वाधिक प्रसिद्ध कृती मात्र कागदावर लिहिलेली नाही. पंचीकरण हा वेदान्तातील प्राथमिक पण किचकट विषय त्यांनी एका लांबलचक सुती वस्त्रावर ओव्या, तक्ते आणि आकृत्यांच्या साहाय्याने मांडला. हे वस्त्र दासोपंतांची पासोडी या नावाने ओळखले जाते. तत्त्वज्ञानाच्या नवशिक्या अभ्यासकासाठी मराठीत तयार झालेल्या जुन्या अध्यापनसाधनांमध्ये पासोडीची गणना करता येते.

जन्म आणि घराणे

दासोपंतांचा जन्म शके १४७३ मध्ये भाद्रपद वद्य अष्टमीस, म्हणजे इ.स. १५५१ मध्ये, बीदरच्या बरीदशाही राज्यातील नारायणपेठ येथे झाला. वडिलांचे नाव दिगंबरपंत आणि आईचे नाव पार्वतीबाई होते. घराण्याकडे देशपांडेपणाचे वतन होते. परगण्याचा हिशेब ठेवणे आणि वसुलाचा भरणा सरकारात पोहोचवणे ही देशपांडे वतनदाराची मुख्य कामे असत. जमीनधारा, उत्पन्न आणि थकबाकी यांच्या नोंदी ठेवणाऱ्या अशा घरात मोडी लेखन आणि हिशेब यांचे शिक्षण मुलांना लहानपणापासून मिळत असे.

दासोपंतांच्या चरित्राची माहिती मुख्यतः संप्रदायातील ओवीबद्ध चरित्रातून आणि परंपरागत आख्यायिकांतून मिळते. त्यामुळे त्यांच्या पूर्वायुष्यातील प्रसंगांत इतिहास आणि श्रद्धा यांची सरमिसळ झालेली आहे.

बीदर येथील ओलीस

दासोपंतांच्या चरित्रातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग त्यांच्या किशोरवयातील आहे. परंपरेनुसार त्या काळी मुलखात दुष्काळ पडला होता. दिगंबरपंतांनी सरकारी कोठारांतील धान्य उपाशी रयतेला वाटून टाकले आणि त्यामुळे सरकारचा वसूल थकला. बीदरच्या बादशहाने त्यांना दरबारात बोलावले आणि थकलेली रक्कम भरेपर्यंत त्यांचा मुलगा ओलीस म्हणून ठेवून घेतला. ठरलेल्या मुदतीत रक्कम न आल्यास मुलाला धर्मांतर करावे लागेल, अशी अट घालण्यात आली. या काळात बीदरवर अली बरीदशहाची (कारकीर्द इ.स. १५४२ ते १५८०) सत्ता होती.

मुदतीच्या अखेरच्या दिवशी दत्ताजी पाडेवार नावाच्या एका इसमाने दरबारात येऊन संपूर्ण रक्कम भरली आणि मुलाची सुटका करवली. रक्कम चुकती झाल्यानंतर हा इसम पुन्हा कोणाला दिसला नाही. स्वतः दत्तात्रेयानेच पाडेवाराचे रूप घेतले होते, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेशी या आख्यायिकेचे साम्य उघड आहे. दोन्ही कथांत दुष्काळ, सरकारी कोठार, धान्याचे वाटप आणि गावकामगाराच्या वेषात आलेला देव हे घटक समान आहेत. दामाजीपंतांच्या कथेत हा देव विठ्ठल आहे, तर दासोपंतांच्या कथेत दत्त.

माहूर आणि राक्षसभुवन

सुटकेनंतर आपल्यासाठी रक्कम भरणाऱ्याचा शोध घ्यावा, या ओढीने दासोपंतांनी घर सोडले, असे चरित्रात सांगितले आहे. ते माहूर येथे गेले. माहूर हे रेणुकेचे आणि दत्तात्रेयाचे क्षेत्र आहे. तेथे त्यांनी बारा वर्षे तपश्चर्या केली, असे परंपरा सांगते. त्यानंतर ते गोदावरीकाठच्या राक्षसभुवन येथे आले. हे गाव आज बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात आहे. या ठिकाणी नदीच्या वाळूत त्यांना दत्तपादुकांचा लाभ झाला, अशी आख्यायिका आहे. आपल्या रचनांत त्यांनी दिगंबरानुचर ही नाममुद्रा वापरली. दत्तात्रेयाच्या सोळा अवतारांची कल्पना दासोपंतांच्या परंपरेत विशेष महत्त्वाची आहे.

अंबाजोगाई येथील वास्तव्य

यानंतर दासोपंत बालाघाटच्या डोंगररांगेतील अंबाजोगाई येथे आले आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत तेथेच राहिले. योगेश्वरी देवीच्या या गावाला त्यांच्याही आधीपासून तत्त्वविचाराची परंपरा होती. विवेकसिंधूचे कर्ते मुकुंदराज यांची समाधी अंबाजोगाईत दाखवली जाते. विवेकसिंधूचा रचनाकाळ शके १११० हा मानला जात असला, तरी त्या काळाविषयी आणि मुकुंदराजांच्या स्थळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. संस्कृत न जाणणाऱ्या जिज्ञासूला वेदान्त मराठीतून क्रमाक्रमाने समजावून देण्याचा प्रयत्न विवेकसिंधूत दिसतो. दासोपंतांचे कार्य याच मार्गावरचे आहे.

पैठणचे एकनाथ (इ.स. १५३३ ते १५९९) हे दासोपंतांचे ज्येष्ठ समकालीन होत. एका जनार्दन, रामा जनार्दन, जनी जनार्दन, विठा रेणुकानंदन आणि दासोपंत यांचा एकत्रित उल्लेख पंतपंचक असा केला जातो.

ग्रंथरचना

दासोपंत रोज एक ढबू पैसा किमतीची शाई लेखनात संपवीत असत, अशी आख्यायिका आहे. त्यांच्या ग्रंथांचा विस्तार पाहता ती का निर्माण झाली असावी हे समजते.

गीतार्णव हा त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ असून त्याची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते. ज्ञानेश्वरीची ओवीसंख्या सुमारे नऊ हजार आहे, हे लक्षात घेतल्यास गीतार्णवाच्या विस्ताराची कल्पना येते. गीतेवरील गीतार्थबोधचंद्रिका ही त्यांची दुसरी टीका तुलनेने आटोपशीर आहे. एकाच ग्रंथावर एक अतिविस्तृत आणि एक संक्षिप्त अशा दोन टीका लिहिण्यामागे वेगवेगळ्या तयारीचे वाचक त्यांच्या डोळ्यांसमोर असावेत, असे मानण्यास जागा आहे.

ग्रंथराज हा वेदान्तपर प्रकरणग्रंथ आहे. समर्थ रामदासांच्या दासबोधाशी त्याचे साम्य काही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पदार्णव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पदांचा आकडाही परंपरेने सव्वा लाख सांगितला जातो. प्रत्यक्षात उपलब्ध पदे त्याच्या अगदी लहान अंशाएवढी आहेत. मराठीबरोबरच संस्कृतातही त्यांची रचना आहे. वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्र कवि या मासिकातून जुनी कविता प्रसिद्ध करण्याचा जो उपक्रम केला, त्यात दासोपंतांच्या रचनेलाही स्थान मिळाले.

पासोडी

स्वरूप

पासोडी म्हणजे अंगावर पांघरण्याचे जाडेभरडे सुती वस्त्र. दासोपंतांच्या पासोडीची लांबी सुमारे ४० फूट आणि रुंदी सुमारे ४ फूट आहे. तिच्यावर सुमारे १६०० ओव्या लिहिलेल्या असून विषय स्पष्ट करण्यासाठी जागोजागी तक्ते व आकृत्या काढलेल्या आहेत. चारशे वर्षांनंतरही हे वस्त्र टिकून आहे आणि अंबाजोगाई येथे जतन करण्यात आले आहे.

विषय

पासोडीचा विषय पंचीकरण हा आहे. आकाश, वायू, तेज, आप आणि पृथ्वी ही पाच भूते आत्मतत्त्वापासून क्रमाने निर्माण झाली, असा विचार तैत्तिरीय उपनिषदात आला आहे. ही भूते आरंभी सूक्ष्म असतात. त्यांपासून डोळ्यांना दिसणारे स्थूल जग कसे बनले, या प्रश्नाचे वेदान्ताने दिलेले उत्तर म्हणजे पंचीकरण होय. छांदोग्य उपनिषदात तीनच तत्त्वांच्या मिश्रणाची, म्हणजे त्रिवृत्करणाची, कल्पना आहे. पुढे तिचा पाच भूतांपर्यंत विस्तार झाला. विद्यारण्यांच्या पंचदशीत या प्रक्रियेची मांडणी आढळते.

प्रक्रिया पुढीलप्रमाणे आहे. प्रत्येक सूक्ष्म भूताचे दोन समान भाग करावयाचे. एक अर्धा भाग तसाच राखून ठेवावयाचा. दुसऱ्या अर्ध्याचे चार समान भाग करून ते उरलेल्या चार भूतांना एकेक वाटावयाचे. या वाटणीनंतर प्रत्येक स्थूल भूतात स्वतःचा अर्धा अंश आणि इतर चार भूतांचा प्रत्येकी एक अष्टमांश येतो. अर्धा आणि चार अष्टमांश मिळून पूर्ण एक होतो. कोणतेही भूत शुद्ध उरत नाही. तरीही ज्याचा अंश अधिक, त्याचेच नाव त्या मिश्रणाला राहते.

मराठी वेदान्तपरंपरेने हीच रीत मानवी देहाला लावली. स्थूल देहाच्या वर्णनात पृथ्वीकडे अस्थी, मांस, त्वचा, नाडी व रोम, तेजाकडे क्षुधा, तृषा, आलस्य, निद्रा व मैथुन, तर आकाशाकडे काम, क्रोध, शोक, मोह व भय यांची गणना होते. वायू आणि आप यांच्याही अशाच पाच-पाच बाबी सांगून एकूण पंचवीस तत्त्वे होतात. सूक्ष्म देहाचीही पंचवीस तत्त्वे आहेत. अंतःकरणपंचक, प्राणपंचक, ज्ञानेंद्रियपंचक, कर्मेंद्रियपंचक आणि विषयपंचक असे त्यांचे पाच गट पडतात. तपशील ग्रंथपरत्वे थोडेफार बदलतात.

तक्त्यांचे प्रयोजन

हा विषय ओव्यांतून ऐकताना श्रोत्याची दमछाक होते. पंचवीस नावे आणि त्यांचे परस्परसंबंध एकाच वेळी ध्यानात ठेवावे लागतात. तक्त्यात मात्र प्रत्येक नावाला स्वतःचे घर मिळते. सूक्ष्म देहाची एक प्रचलित मांडणी उदाहरणादाखल घेता येईल. पाच भूते पाच आडव्या ओळींत आणि पाच पंचके पाच उभ्या रकान्यांत लिहिली, की आकाशाच्या ओळीत अंतःकरण, व्यान, श्रोत्र, वाचा आणि शब्द ही तत्त्वे येतात. हीच ओळ आडवी वाचल्यास ऐकणे, बोलणे आणि ध्वनी यांचा आकाशाशी असलेला संबंध कळतो. रकाना उभा वाचल्यास पाच ज्ञानेंद्रिये किंवा पाच विषय एकत्र दिसतात. एकाच मांडणीतून दोन प्रकारची माहिती मिळते आणि एखादे घर रिकामे राहिले तर ते लगेच नजरेस येते.

सुट्या पानांच्या पोथीत एका वेळी एखाददुसरे पानच समोर असते. लांब वस्त्र पसरले की विषयाचा मोठा भाग एकाच दृष्टिक्षेपात येतो, शिवाय अनेक श्रोत्यांना ते एकत्र पाहता येते. गुंडाळून ठेवणे आणि दुसऱ्या गावी नेणेही सोपे जाते.

वेदान्ताच्या दृष्टीने हा तक्ता पाठ करणे हे अभ्यासाचे अंतिम ध्येय नसते. प्रत्येक तत्त्वाची ओळख पटल्यावर ते आपण नव्हे, असे म्हणून साधकाने ते बाजूला सारावयाचे असते. स्थूल, सूक्ष्म, कारण आणि महाकारण हे चार देह, जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्या या चार अवस्था, तसेच विश्व, तैजस, प्राज्ञ आणि प्रत्यगात्मा हे त्यांचे चार अभिमानी अशी पायऱ्यांची रचना यासाठीच केलेली असते. सर्व घरे मोजून संपली आणि नाकारून झाली, तरी मोजणारा उरतोच. त्या साक्षीची ओळख करून देणे हा पंचीकरणाच्या शिकवणीचा हेतू आहे. गणती अपुरी राहिली तर एखादे तत्त्व नाकारावयाचे राहून जाईल आणि साधक त्यालाच आत्मा समजेल. त्यामुळे यादीची पूर्णता हा येथे केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नसून साधकाच्या मुक्तीशी निगडित प्रश्न ठरतो.

तत्त्वज्ञानाच्या आधुनिक अभ्यासातील महत्त्व

महाविद्यालयांतील पदवीच्या तत्त्वज्ञान विषयात भारतीय दर्शने आणि तर्कशास्त्र हे भाग सहसा स्वतंत्रपणे शिकवले जातात. दर्शनांच्या भागात विद्यार्थ्याला वेदान्तातील पंचीकरण भेटते. तर्कशास्त्राच्या भागात वर्गीकरण, व्याख्या, अनुमान आणि चिन्हांकित तर्कशास्त्र यांचा परिचय होतो. यांपैकी चिन्हांकित तर्कशास्त्र संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही शिकावे लागते. जॉर्ज बूल यांनी इ.स. १८५४ मधील ग्रंथात विचाराचे नियम बीजगणिताच्या रूपात मांडले. क्लॉड शॅनन यांनी इ.स. १९३७ मधील प्रबंधात तेच बीजगणित विद्युत्‌मंडलांच्या रचनेला लागू केले. अशा रीतीने तर्कशास्त्राचा एक भाग संगणकाच्या उभारणीचा पाया ठरला.

दोन्ही विद्याशाखांमधील दुसरा दुवा वर्गीकरणाचा आहे. जगात कोणत्या प्रकारच्या गोष्टी आहेत आणि त्यांचे परस्परसंबंध कोणते, या विचाराला तत्त्वज्ञानात सत्ताशास्त्र किंवा ऑन्टॉलॉजी म्हणतात. एखाद्या विषयातील वर्ग आणि संबंध यंत्राला वापरता येतील अशा रीतीने नोंदवण्याच्या कामासाठी संगणकशास्त्राने विसाव्या शतकात हीच संज्ञा उसनी घेतली. मर्यादित घटक, त्यांच्या संयोगाचा ठरलेला नियम आणि प्रत्येक संयोगासाठी निश्चित जागा ही पंचीकरणाच्या तक्त्याची वैशिष्ट्ये अशा नोंदींशी मिळतीजुळती आहेत. म्हणून या दोन विषयांतील नाते समजावून घेताना पंचीकरण हे मराठी विद्यार्थ्याला घरचे उदाहरण म्हणून उपयोगी पडू शकते.

युरोपात मायोर्का बेटावरील रामोन लुल (सुमारे इ.स. १२३२ ते १३१६) यांनी एककेंद्री वर्तुळांवर मूलभूत संकल्पनांची अक्षरे लिहून ती वर्तुळे फिरवण्याची युक्ती योजली होती. संगणनविचाराच्या पूर्वेतिहासात लुल यांचा उल्लेख केला जातो. पासोडीचा त्यांच्याशी कोणताही ऐतिहासिक संबंध नाही. दोहोंचा हेतूही वेगळा आहे. लुल यांच्या वर्तुळांतून संकल्पनांच्या नव्या जोड्या तयार होतात, तर पंचीकरणाचा तक्ता स्थिर असून वाचणाऱ्याला त्याच्या पलीकडे नेतो. अमूर्त विचार दृश्य मांडणीत आणला की तो शिकवता येतो आणि तपासताही येतो, हा विश्वास मात्र दोन्हींकडे समान आहे. दासोपंतांना गणनयंत्राची पूर्वकल्पना होती, असा निष्कर्ष या साम्यावरून काढता येत नाही.

अखेर आणि वारसा

दासोपंतांचे निधन अंबाजोगाई येथे शके १५३७ मध्ये माघ वद्य षष्ठीस झाले. ग्रंथांत त्यांचे निधनवर्ष इ.स. १६१५ असे दिलेले असते. शके १५३७ चा माघ महिना इंग्रजी कालगणनेनुसार इ.स. १६१६ च्या आरंभी येतो. त्यांची समाधी अंबाजोगाईत आहे. त्यांच्या वंशपरंपरेची थोरले देवघर आणि धाकटे देवघर ही दोन स्थाने गावात प्रसिद्ध आहेत.

निजामाच्या राजवटीत हे गाव मोमिनाबाद या नावाने ओळखले जात असे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी येथील योगेश्वरी शाळेत अध्यापन केले होते. त्यामुळे मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासातही गावाला वेगळे स्थान मिळाले.

दासोपंतांच्या लेखनाचा विस्तार हाच त्यांच्या प्रसाराला अडसर ठरला. सव्वा लाख ओव्यांचा ग्रंथ पुन्हा पुन्हा नकलून घेणे सोपे नव्हते. परिणामी ज्ञानेश्वरी किंवा दासबोध यांच्याप्रमाणे गीतार्णव घरोघरी पोहोचला नाही आणि दासोपंतांच्या पदांपैकी बहुसंख्य पदे आज हाती नाहीत. पंचीकरणाचा पट मात्र टिकला. मराठी संतवाङ्मयाच्या इतिहासात दासोपंतांचे नाव येते तेव्हा त्यांच्या अवाढव्य ग्रंथसंपदेच्या बरोबरीने या एका वस्त्राचा उल्लेख होतोच.